अळी बदलली की फक्त ऊन? कीटकांचं स्थानिक अनुकूलन तपासताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: एकाच जातीच्या फुलपाखराच्या दोन वस्त्या आहेत. एक रस्त्याकडेच्या उघड्या, तापणाऱ्या जमिनीवर. दुसरी काही किलोमीटरवरच्या दाट झाडीत. रस्त्याकडच्या अळ्या लवकर वाढतात आणि त्यांची फुलपाखरं आकाराने लहान असतात. सलग तीन हंगाम हाच फरक दिसला. रस्त्याकडच्या वस्तीने बदललेल्या अधिवासाशी जुळवून घेतलं आहे असं म्हणता येईल का, आणि म्हणायचं तर पुरावा कसा उभा करायचा?

एवढ्या माहितीवर तसं म्हणता येत नाही. आनुवंशिक बदल अजिबात झालेला नसतानाही नेमका हाच फरक दिसू शकतो. बहुतेक कीटक उबेत वाढवले की लवकर वाढतात आणि प्रौढ झाल्यावर लहान भरतात. एकाच मादीची अंडी दोन भागांत वाटा, अर्धी २० अंश सेल्सिअसला आणि अर्धी २८ अंशांना वाढवा. सख्ख्या भावंडांमध्येही हाच फरक पडेल. ही त्या जातीची लवचिकता आहे. प्रत्येक अळी आपापल्या परिस्थितीत ती दाखवते, आणि तिची पिल्लं पुन्हा सावलीत वाढवली की ती मोठीच होतात. अनुकूलन ही पिढ्यान् पिढ्या नैसर्गिक निवड होऊन वस्तीत मुरलेली आणि अंड्यातून पुढे जाणारी गोष्ट आहे.

याची दुसरी बाजू लोक सहसा विसरतात. फरक दिसत नाही म्हणून अनुकूलन नाही, असंही नसतं. सावलीतल्या, थंड ठिकाणच्या वस्तीत निवडीमुळे जन्मतःच वेगाने वाढणारी अळी तयार झाली असेल, तर थंडीने मंदावलेला वेग आणि अंगचा वेग एकमेकांना झाकून टाकतात. शेतात किंवा रानात दोन्हीकडच्या अळ्या सारख्याच वाटतात. एकाच तापमानात शेजारी शेजारी वाढवल्याशिवाय हा दडलेला फरक बाहेर येत नाही.

म्हणून आधी दावा तोडून घ्या. त्यात तीन वेगळी विधानं आहेत: फरक आनुवंशिक आहे, त्या फरकामुळे त्या जागी जगण्यात आणि प्रजननात फायदा होतो, आणि तो फायदा अधिवासातल्या याच बदलामुळे निर्माण झाला. पहिल्यासाठी समान परिस्थितीतलं संगोपन लागतं, दुसऱ्यासाठी जागांची अदलाबदल, तिसऱ्यासाठी जुना पुरावा किंवा एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक जागा. पहिलं सिद्ध करून तिन्ही सिद्ध झाल्यासारखं लिहिणं ही या विषयातली सर्वांत सर्रास होणारी चूक आहे.

तिन्ही कसोट्यांवर उतरणारं काम कसं दिसतं, ते फ्लोरिडातल्या जडेरा हिमॅटोलोमा या ढेकणावरून कळतं. रिठ्याच्या कुळातल्या झाडांच्या बिया तो सोंडेने टोचून खातो. दक्षिण फ्लोरिडात त्याचं मूळ खाद्य आहे आपल्या कपाळफोडीच्या नात्यातली फुगीर फळांची वेल. तिथे बी फळाच्या मधोमध असते, म्हणून सोंड लांब लागते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून मध्य फ्लोरिडात शोभेसाठी कोएलरूटेरियाची झाडं लावली गेली; त्यांची फळं चपटी, बी सालीच्या अगदी जवळ. स्कॉट कॅरॉल आणि ख्रिस्टिन बॉइड यांनी १९९२ साली दाखवलं की वेलीवरच्या माद्यांची सोंड सुमारे ९ मिमी आणि नव्या झाडावरच्यांची सुमारे ७ मिमी आहे. संग्रहालयांत टाचणीला लावून ठेवलेले जुने नमुने मोजल्यावर कळलं की ही सोंड नवं झाड आल्यानंतरच आखूड होत गेली. पुढे दोन्हीकडची पिल्लं एकमेकांच्या खाद्यावर वाढवून पाहिली, तरी फरक टिकला. आनुवंशिकता, उपयोग आणि काळाचा क्रम असे तिन्ही धागे इथे एकत्र आले आहेत.

समान परिस्थितीतलं संगोपन

कामाची सुरुवात इथूनच करा आणि यावर सर्वांत जास्त वेळ घाला. पुढचं सगळं याच्यावर उभं असतं.

पहिला निर्णय किती वस्त्या घ्यायच्या हा. एक रस्त्याची आणि एक झाडीची घेतली, तर त्या दोन जागांमधला फरक कळेल. 'रस्ता' आणि 'झाडी' यांच्यातला कळणार नाही. कोणत्याही दोन वस्त्या निव्वळ योगायोगानेही थोड्या वेगळ्या होतात, लहान वस्त्या तर फारच. तेव्हा प्रत्येक प्रकारच्या किमान तीन वस्त्या हव्यात, चार असतील तर उत्तम, आणि शक्यतो जोड्यांमध्ये: एक रस्त्याकडची, तिच्या जवळची एक झाडीतली. अळ्या कितीही वाढवल्या तरी वस्त्यांच्या कमतरतेची भरपाई होत नाही.

प्रत्येक वस्तीतून २० ते ३० माद्या पकडा, एकमेकींपासून लांब लांबच्या. एकाच झुडपावरून दहा अंडी उचलली तर ती एकाच मादीची असू शकतात, आणि मग हातात दहा कुटुंबं आहेत असं वाटतं तेव्हा असतं एकच. रानातून आणलेल्या माद्या बहुधा मीलन झालेल्या असतात. प्रत्येकीला वेगळ्या डब्यात अंडी घालू द्या आणि तेव्हापासून कुटुंबाचा क्रमांक कधीही सुटू देऊ नका.

या अंड्यांवर लगेच मोजमाप करू नका. आई जिथे वाढली त्याचा ठसा अंड्यावर उमटलेला असतो. स्टेटॉर लिम्बॅटस या बियांतल्या भुंग्याचं उदाहरण चार्ल्स फॉक्स यांच्या कामातून प्रसिद्ध आहे: मादी समोरची बी पाहून अंड्याचा आकार ठरवते. कठीण बीवर मोठी आणि मोजकी, सोप्या बीवर लहान आणि भरपूर. कठीण बीवर लहान अंड्यातून निघालेल्या अळ्या जवळजवळ सगळ्या मरतात. हे न कळता कुणी प्रयोग केला तर तो त्याला 'बीशी झालेलं आनुवंशिक अनुकूलन' समजून बसेल. नेसोनिया या परजीवी गांधीलमाशीत आईने अनुभवलेल्या दिवसाच्या लांबीवर पिल्लं सुप्तावस्थेत जाणार की नाही हे ठरतं. म्हणून पहिली पिढी सगळ्यांची एकाच तापमानात, एकाच खाद्यावर वाढवा. एकाच वस्तीतल्या पण वेगवेगळ्या कुटुंबांतल्या नर-माद्यांच्या जोड्या लावा. आणि मोजमाप त्यांच्या पिल्लांवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या पिढीवर करा.

त्यापुढेही फार थांबू नका. पाच-सहा पिढ्यांत कीटक डब्यातल्या जगण्याशी जुळवून घेऊ लागतो. शिवाय लहान वस्ती पाळली की आनुवंशिक विविधता गळते. दर पिढीला सुमारे १/(२N) एवढी (N म्हणजे प्रजनन करणाऱ्या प्रौढांची संख्या), म्हणजे प्रजनन करणारे २० प्रौढ ठेवले तर पिढीला अडीच टक्के. सगळ्यांचं प्रजनन सारखं होत नसल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त.

आता आखणी. समजा सहा वस्त्या, प्रत्येकीची १२ कुटुंबं, दोन तापमानं आणि दर डब्यात ८ अळ्या. डबे होतात १४४ आणि अळ्या ११५२. प्रत्येक कुटुंब दोन्ही तापमानांत वाटलेलं असलंच पाहिजे. त्यावरूनच लवचिकता आणि आनुवंशिक फरक वेगळे काढता येतात. हात कमी असतील तर डब्यातल्या अळ्या चारवर आणा, मग ५७६ होतील. कुटुंबं कमी करणं त्याहून वाईट, आणि वस्त्या कमी करणं सर्वांत वाईट. डब्यातली अळ्यांची संख्या मात्र सगळीकडे सारखीच ठेवा, कारण गर्दी झाली की अळ्या लहान भरतात आणि कधी कधी घाईने कोषात जातात.

पानं कुठली? दोन्ही जागांची नकोत. रस्त्याकडच्या पानांवर धूळ आणि धातूंचे अंश असतात. बर्फाळ प्रदेशात रस्त्यावर टाकलेलं मीठ झाडांत शिरतं आणि त्या पानांतल्या सोडियममुळे अळ्यांची वाढ बदलते. तिसऱ्याच जागेवरची, एकाच वयाची, एकाच फांदीच्या पातळीवरची पानं वापरा. तोडलेली पानं रोज बदला. सुकलेल्या पानावर अळी खाते कमी आणि पाणीही तिला कमी मिळतं, आणि ज्या डब्याची पाळी रोज शेवटी येते त्या डब्यावर हा परिणाम साचत जातो. डब्यांचा क्रम रोज बदलणं हा त्यावरचा साधा उपाय.

इनक्युबेटर, म्हणजे ठरवलेलं तापमान राखणारं कपाट, ही दुसरी फसवी जागा. एकच यंत्र २० अंशांना आणि एकच २८ अंशांना असेल, तर तापमान आणि यंत्र यांचे परिणाम वेगळे करता येत नाहीत. आठवड्यातून एकदा तापमानाची मांडणी आणि डबे दोन्ही अदलाबदल करा, किंवा सगळा प्रयोग यंत्रं बदलून पुन्हा करा. वरच्या आणि खालच्या फळीत एक-दोन अंशांचा फरक सहज असतो. तापमान नोंदणारा लॉगर डब्यात अळीच्या पातळीवर ठेवा, यंत्राच्या दारावरच्या आकड्यावर विसंबू नका. आणि रानातलं ऊन कधीच स्थिर नसतं. सतत २४ अंश आणि १६ ते ३२ मध्ये फिरणारं, सरासरी २४ अंशांचं तापमान कीटकासाठी एकसारखं नसतं. निदान एक फेरी तरी रोज चढ-उतार होणाऱ्या तापमानात करा, नाहीतर स्थिर तापमानात दिसलेला फरक बाहेर लागू पडेलच असं नाही.

मोजायचं काय: अंड्यातून निघाल्यापासून कोषापर्यंतचे दिवस, कोषाचं वजन, जगण्याचं प्रमाण, पुढच्या पंखाची लांबी आणि शक्य असेल तर मादीने घातलेली अंडी. कोषाचं वजन रोज घटत असतं, म्हणून सगळे कोष ठरावीक दिवशी, समजा तिसऱ्या दिवशी, ०.१ मिलिग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर तोला. नर आणि मादी वेगळे मोजा. बहुतेक फुलपाखरांत नर लहान असतात आणि आधी निघतात, त्यामुळे एका वस्तीत नर जास्त पडले तर खोटाच फरक उभा राहतो. डब्यांवर फक्त संकेतांक असावा. 'रस्ता' लिहिलेला डबा हातात असताना काठावरचं मोजमाप कुठे झुकेल, याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

उष्णता सहन करण्याची मर्यादा मोजायची असेल तर तापमान वाढवण्याचा वेग हाच निकाल ठरवतो. मिनिटाला ०.१ अंशाने वाढवलं तर तास उलटतात, कीटक कोरडा पडतो, थकतो आणि मर्यादा कमी येते. मिनिटाला १ अंशाने वाढवलं तर ती जास्त येते. कुठलाही एक वेग निवडा, पण सगळ्यांना तोच द्या आणि अहवालात तो लिहा. वेग न लिहिलेल्या आकड्याची दुसऱ्या कुठल्याही आकड्याशी तुलना करता येत नाही.

अशा संगोपनातून शहरांबद्दल चांगल्या गोष्टी हाती लागल्या आहेत. टेम्नोथोरॅक्स कर्विस्पायनोसस ही मुंगी इतकी लहान की तिची अख्खी वसाहत ओकच्या एका फळात मावते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातल्या आणि बाहेरच्या वसाहती सारख्या तापमानात वाढवल्यावर शहरी मुंग्या जास्त उष्णता सहन करताना आढळल्या, आणि थंडी सहन करण्यात कमी पडल्या. इपोनोम्युटा या पतंगाच्या अळ्या उजळ शहरांतून आणि अंधाऱ्या जागांतून आणून एकत्र वाढवल्या, तर १०४८ प्रौढांमध्ये शहरी मूळ असलेल्यांचं दिव्याकडे झेपावणं सरासरी ३० टक्क्यांनी कमी निघालं. २०१६ सालच्या या कामाचं बळ असं की एकाऐवजी उजळ आणि अंधाऱ्या अशा अनेक वस्त्या त्यात होत्या.

जागांची अदलाबदल

फरक आनुवंशिक आहे इतकं ठरलं, तरी तो उपयोगी आहे हे ठरत नाही. त्यासाठी रस्त्याच्या अळ्या झाडीत आणि झाडीच्या अळ्या रस्त्यावर वाढवायच्या, आणि सोबत दोन्हींच्या आपापल्या जागीही.

निकाल कसा वाचायचा हे आधीच ठरवा, कारण इथे गोंधळ फार होतो. समजा रस्त्यावर, रस्त्याच्या मूळच्या अळ्यांपैकी ४२ टक्के जगल्या आणि झाडीच्या मूळच्यांपैकी २५ टक्के. झाडीत, रस्त्याच्या मूळच्या ५० टक्के आणि झाडीच्या मूळच्या ५८ टक्के. रस्त्याच्या अळ्या घरापेक्षा बाहेर जास्त जगल्या, म्हणून अनुकूलन नाही असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. झाडी सगळ्यांसाठीच बरी जागा आहे, एवढंच त्यातून कळतं. बघायचं ते एका जागेवर उभं राहून: इथे स्थानिक जिंकतात की पाहुणे? रस्त्यावर ४२ विरुद्ध २५, झाडीत ५८ विरुद्ध ५०. दोन्हीकडे स्थानिक पुढे आहेत. टाडेउश कावेत्स्की आणि डीटर एबर्ट यांनी २००४ साली हीच कसोटी ठामपणे मांडली आणि ती आता सर्वमान्य आहे. एकीकडेच स्थानिक जिंकले आणि दुसरीकडे बरोबरी झाली, तर तेही प्रामाणिकपणे तसंच लिहावं.

अपेक्षा किती ठेवावी? अशा अदलाबदलींच्या २००९ सालच्या एका मोठ्या आढाव्यात, ज्यात झाडंही होती आणि प्राणीही, सुमारे ७१ टक्के वेळा स्थानिकांची सरशी आढळली. म्हणजे प्रत्येक तीन-चार तुलनांमागे एकदा ती आढळत नाही. 'स्थानिक ते उत्तमच' हे गृहीत धरून निघू नये.

प्रत्यक्ष मांडणीत प्रत्येक जागी दहा तरी गट ठेवा आणि प्रत्येक गटात सगळ्या मूळ वस्त्यांच्या अळ्या असू द्या, नाहीतर उन्हाचा एक तुकडा एकाच मुळाच्या वाट्याला येतो. अळ्या फांदीवर बारीक जाळीची पिशवी बांधून आत सोडतात. ही पिशवी सोयीची, पण ती दोन गोष्टी करते: आतलं ऊन, वारा आणि ओल बदलते, आणि भक्षक व परजीवी माश्यांना बाहेर ठेवते. कदाचित रस्त्याकडे परजीवी कमी आहेत हाच खरा फरक असेल, आणि तो पिशवीने पुसला जाईल. म्हणून निम्म्या अळ्या उघड्या ठेवा. मात्र परक्या वस्तीच्या अळ्या तिथे प्रौढ होऊन मिसळू देऊ नका. शेवटच्या अवस्थेत त्या परत आणा. ज्या वस्तीचा अभ्यास करायचा तिच्यातच परकी जनुकं किंवा रोग सोडणं अक्षम्य आहे.

पहिल्या तीन दिवसांतले मृत्यू वेगळे नोंदवा. ते बहुधा हाताळणीचे असतात. मेलेल्याच्या जागी नवी अळी ठेवण्याचा मोह टाळा; तशी ठेवली की जगण्याचं प्रमाण कशाचं मोजलं तेच कळेनासं होतं.

वेळ चुकली तर सगळंच चुकतं. रस्त्याकडची झाडं उन्हामुळे दहा दिवस आधी पालवली असतील आणि अळ्या एकाच तारखेला सोडल्या, तर एकीला कोवळं पान मिळतं आणि दुसरीला जून. ज्या कीटकांचं अनुकूलन मुळातच वेळेचं आहे, तिथे तर तोच विषय असतो. सफरचंदावरची रॅगोलेटिस माशी मूळची उत्तर अमेरिकेतल्या हॉथॉर्न या काटेरी झाडावरची. युरोपीय वसाहतींबरोबर सफरचंद तिथे गेलं आणि १८६० च्या दशकात ही माशी त्यावर दिसू लागली. सफरचंद हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी पिकतं, आणि दोन्हीकडच्या माश्यांचा कोषातून निघण्याचा काळ त्यानुसार वेगळा झाला आहे.

विश्लेषणात मूळ जागा, ठेवलेली जागा आणि त्यांची परस्परक्रिया (मूळ जागेचा परिणाम ठेवलेल्या जागेप्रमाणे बदलतो का) हे मुख्य घटक. कुटुंब वस्तीच्या आत, आणि वस्ती व गट यादृच्छिक घटक (रँडम इफेक्ट) म्हणून. जगणं हो-नाही स्वरूपाचं असल्यामुळे द्विपद (बायनॉमियल) वितरण वापरा. प्रत्येक अळी स्वतंत्र आहे असं धरून साधी चाचणी लावली तर जवळपास काहीही 'लक्षणीय' निघू शकतं.

दोन वस्त्यांमधली ये-जा

काही किलोमीटर अंतर उडणाऱ्या फुलपाखराला मोठं नाही. दर पिढीला वस्तीतले १० टक्के प्रौढ बाहेरून येत असतील आणि स्थानिक रूपाचा फायदा ५ टक्केच असेल, तर ते रूप टिकत नाही. साध्या गणितात निवडीचं बळ स्थलांतराच्या दरापेक्षा जास्त असावं लागतं. म्हणून खूण करून सोडणे-पकडणे किंवा जनुकीय खुणा यांतून ये-जा किती आहे हे आधीच पाहावं. पण ये-जा आहे म्हणून हात टेकू नका. सफरचंद आणि हॉथॉर्नच्या माश्यांत पिढीला ४ ते ६ टक्के देवाणघेवाण होऊनही त्या वेगळ्या राहतात, कारण चुकीच्या वेळी निघालेल्या माशीला मोठी किंमत मोजावी लागते.

फ्लोरिडातल्या त्या ढेकणाची गोष्टही इथे पुढे सरकते. मेरेडिथ सेंझर यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा मूळ वेलीवरच्या वस्त्या आपलं वेगळेपण गमावून नव्या झाडावरच्यांसारख्या होऊ लागल्या होत्या. नव्या झाडावर ढेकूण अमाप, तिथून ओघ मोठा, आणि मूळ अनुकूलन त्यात विरलं. एकदा सिद्ध झालेलं अनुकूलन कायमचं असतं असं मानून जुन्या निष्कर्षावर संवर्धनाचे निर्णय घेऊ नयेत, ते यासाठी.

हाच ओघ शेतीत मुद्दाम वापरला जातो. बीटी पिकाशेजारी बिगर-बीटी झाडांच्या ओळी लावतात, त्या तिथे वाढलेल्या, बीटीला बळी पडणाऱ्या पतंगांनी प्रतिकारक पतंगांशी मीलन करावं म्हणून. प्रतिकार अप्रभावी जनुकाचा असेल तर अशी मिश्र पिल्लं बीटी झाडावर मरतात. त्या ओळी लावल्याच नाहीत, की शेत म्हणजे प्रतिकारक अळ्या निवडणारं यंत्र होतं.

जिथे प्रयोग नीट असूनही निष्कर्ष चुकतो

दोन वस्त्या मुळात दोन वेगळ्या जातीच असू शकतात. बाहेरून तंतोतंत सारख्या जाती कीटकांत विपुल आहेत. प्रत्येक वस्तीच्या काही नमुन्यांचा ६५८ अक्षरांचा सीओआय बारकोड (जात ओळखण्यासाठी वापरला जाणारा मायटोकाँड्रियल डीएनएचा ठरलेला तुकडा) वाचून घ्या, पण एकट्या त्यावर विसंबू नका. वोल्बाकिया हा पेशीत राहणारा जिवाणू आईकडून पसरतो आणि त्याच्यासोबत एकच मायटोकाँड्रियल डीएनए अख्ख्या वस्तीत पसरू शकतो. तेव्हा बारकोड भलतंच सांगतो. याच जिवाणूमुळे दोन वस्त्यांच्या संकरातली अंडी उबतच नाहीत, आणि 'प्रजननात वेगळेपणा आला' असं वाटतं. संकर करण्याआधी पीसीआरने वोल्बाकिया तपासा. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक देऊन तो काढला तर निदान दोन पिढ्या जाऊ द्या, मग मोजा. औषधाचा परिणाम मायटोकाँड्रियावरही होतो.

पोटातले जिवाणूही असेच. अमेरिकेत मका आणि सोयाबीन आलटून पालटून घेतल्याने मक्याच्या मुळावरचा भुंगा आटोक्यात राहत असे, कारण त्याची अंडी मक्याच्या शेतात आणि पुढच्या वर्षी तिथे सोयाबीन. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून इलिनॉयमध्ये त्याच्या माद्या सोयाबीनमध्ये अंडी घालू लागल्या. २०१३ साली दिसलं की सोयाबीनची पानं पचवण्याच्या त्यांच्या क्षमतेत आतड्यातल्या जिवाणूंचा मोठा वाटा आहे. प्रतिजैविकं दिली की ती आघाडी नाहीशी होते. अळ्या एकाच डब्यात, एकाच पानावर वाढवल्या तर असे जिवाणू एकमेकींत मिसळतात आणि खरा फरक पुसला जातो, हेही ध्यानात ठेवा.

काळाचा क्रम गृहीत धरणं ही आणखी एक चूक. लंडनच्या भुयारी रेल्वेतला डास भुयारातच शंभर-सव्वाशे वर्षांत वेगळा झाला, असं अनेक वर्षं शिकवलं गेलं. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसलं की हे रूप हजार वर्षांहून जुनं आहे आणि बहुधा भूमध्य सागर व मध्यपूर्वेच्या परिसरात मानवी वस्तीसोबत घडलं. भुयार त्याला तयार मिळालं. रस्त्याकडचं फुलपाखरू असंच दुसऱ्या एखाद्या उघड्या, उष्ण प्रदेशातून आलेलं असू शकतं. म्हणून आसपासच्या दूरच्या वस्त्यांचेही नमुने घ्या.

बदल किती लवकर होतो, या प्रश्नाचं उत्तर अनेकांना वाटतं त्यापेक्षा कितीतरी लवकर असं आहे. हवाईतल्या काउआई बेटावर परजीवी माशी आवाजावरून नर रातकिड्यांना शोधते. तिथे वीसपेक्षाही कमी पिढ्यांत ९० टक्क्यांहून जास्त नर मुके झाले, पंखांवरची आवाजाची रचनाच सपाट होऊन. घटपर्णीच्या पानातल्या पाण्यात वाढणाऱ्या वायोमिया स्मिथाय डासात सुप्तावस्थेचा इशारा देणारी दिवसाची लांबी ५० अंश उत्तर अक्षांशाला १९७२ साली १५.७९ तास होती, १९९६ साली १५.१९ तास. म्हणजे तोवर तो शरद ऋतूत नऊएक दिवस उशिरा झोपी जाऊ लागला होता. इंग्लंडात मँचेस्टरजवळ पेपर्ड मॉथ या एरवी फिकट पतंगाचं काळं रूप १८४८ साली नोंदलं गेलं आणि १८९५ पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के पतंग काळे होते. त्यामागचा डीएनएचा तुकडा सुमारे १८१९ साली जनुकात शिरला असा अंदाज आहे. पण असा वेग मोठ्या वस्तीला, विविधता हाताशी असताना साधतो. पन्नास-साठ फुलपाखरांच्या तुटक वस्तीत निवडायला फारसं काही उरलेलंच नसतं.

अनुकूलन सापडलं तर

ते वस्तीच्या सुरक्षिततेचं प्रमाणपत्र समजू नका. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या युफिड्रायस एडिथा फुलपाखराचा काही दशकं पाठपुरावा करून मायकेल सिंगर आणि कॅमिल पार्मेसान यांनी २०१८ साली जे मांडलं, ते वाचून मन खिन्न होतं. गुरांच्या कुरणात युरोपातून आलेलं प्लँटॅगो, इसबगोलाच्या प्रजातीतलं तण, मूळ खाद्य कॉलिन्सियापेक्षा जास्त दिवस हिरवं राही. त्यावर अळ्या जास्त जगत, आणि निवडीने ते फुलपाखरू पुरतं प्लँटॅगोचं झालं. पुढे गुरं चारणं थांबलं, गवत वाढलं, प्लँटॅगो गवताच्या गार सावलीत गेलं आणि वस्ती नष्ट झाली. कॉलिन्सिया तिथेच शेजारी होती. तिच्यावर अंडी घालणाऱ्या माद्या मात्र उरल्या नव्हत्या. काही वर्षांनी दुसरीकडून आलेल्या, कॉलिन्सियाच पसंत करणाऱ्या फुलपाखरांनी ती जागा पुन्हा धरली.

रस्त्याकडची वस्ती खरंच उन्हाशी जुळलेली निघाली, तर म्हणून विचारायचं ते हे: तिचं जगणं आता कोणत्या मानवी सवयीवर टांगलेलं आहे? गवत कापण्यावर, खोदकामावर, की गुरं चारण्यावर? ती सवय बदलली तर परत जायला झाडीतली वस्ती शिल्लक आहे का? दोन्ही वस्त्या राखण्याचा आग्रह इथून धरता येतो, आणि एका जागेची फुलपाखरं दुसऱ्या जागी 'वाढवण्यासाठी' सोडण्याला विरोधही इथूनच करता येतो.

आणि नमुने जपा. प्रत्येक वस्तीतले दरवर्षी पाच-दहा प्रौढ टाचणीला, पंख पसरून, आणि तितकेच ९५ टक्के इथेनॉलमध्ये शक्यतो उणे २० अंशांना, डीएनएसाठी. वस्ती फारच लहान असेल तर प्रौढ मारू नका. एक मागचा पाय काढून इथेनॉलमध्ये ठेवा आणि फुलपाखरू सोडून द्या. चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश, तारीख, कोणत्या झाडावर सापडलं त्या झाडाचं नाव आणि गोळा करणाऱ्याचं नाव, पेन्सिलीने किंवा न विरघळणाऱ्या शाईने. साध्या पेनाची शाई इथेनॉलमध्ये उतरते आणि कोरी चिठ्ठी उरते. झाडाचं नाव गाळू नका. फ्लोरिडातल्या ढेकणाची सोंड कधी आखूड होऊ लागली हे कळलं ते जुन्या टाचण्यांमुळे, आणि टाचणीवर जागा व साल नसती तर ते मोजून काहीच हाती लागलं नसतं.